शाळा उघडण्याआधी घर लावून घेऊ

माळेगाव बुद्रुक,
25 मे 2026

चि. दादास,


निमगाव केतकीला मामाच्या पानमळ्यात हिंडून झालं असेल. आता थोडं घराकडं लक्ष दे, म्हणून हे पत्र. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे. तो 15 जूनला संपतो आणि शाळाही त्याच सुमारास उघडते. म्हणजे ऐन तोंडावर घरात धोंड्याची जेवणं, तुझ्या आत्या आणि जावईमंडळींची ये-जा, पुरणाचा घाट. दर वर्षी आपण जूनचा पहिला पंधरवडा हाताशी धरतो, तो यंदा पाहुण्यांतच जाणार. तेव्हा जे करायचं ते आत्तापासून.

तू आठवीत चाललास आणि धाकटी पाचवीत. तिला बारामतीला एसटीनं जायचंय. आजवर तुम्हा दोघांचं सगळं तुझ्या आईनं निभावलं. यंदा ते तसं चालू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घरातली सकाळ तू झोपेतच काढतोस, म्हणून सांगते. आई पाचला उठते. दोन म्हशी, एक गाय, धारा काढून दूध डेअरीवर पोचवायचं. गोठ्यातून ती हात धुऊन येते तोवर साडेसहा होतात आणि तिथून चपात्या, दोन डबे, धाकटीच्या वेण्या. त्यातच तुझा आवाज येतो, "आई, माझा दुसरा मोजा कुठाय?" वडील मदतीला यावेत, तर ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात ते उसाला पाणी देऊन पहाटे टेकलेले असतात. जुलैत आडसालीच्या लागणी सुरू झाल्या की ते दिवसाही हाती लागणार नाहीत. तेव्हा बसवायची ती घडी त्याआधी बसली पाहिजे.

मी तुझ्याकडून तीन कामं धरून चालले आहे. रात्री जेवण झालं की वेळापत्रक बघून दप्तर भरायचं आणि गणवेश, मोजे, पट्टा खुंटीला एकत्र लावायचा. सकाळी पाण्याच्या दोन्ही बाटल्या तू भरायच्या. आणि शाळेतून आल्यावर डबा दप्तरात आंबत न ठेवता स्वतः घासायचा. धाकटीलाही हेच नियम, पण तिच्या वाट्याला तुझा डबा येणार नाही. मुलगी म्हणून तिला जास्त आणि मुलगा म्हणून तुला सूट, हे या घरात पुष्कळ वर्षं चाललं. माझ्या डोळ्यांदेखत ते थांबावं.

आता खरेदीचं. पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं शाळेतच फुकट मिळतात, तुझं हे शेवटचं वर्ष. म्हणून पुस्तकांवर आत्ता पैसा घालू नका, तो पुढच्या वर्षी नववीला लागेल. वह्या मात्र घ्याव्या लागतील. 2023 पासून पुस्तकांतच कोरी पानं जोडून येत होती, ती गेल्या वर्षीपासून बंद झाली. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. त्यातल्या एका पगारात वह्या, दुसऱ्यात चपला आणि रेनकोट, असं आईचं नि माझं ठरलंय. त्याआधी तुझ्या सातवीच्या वह्या मी काढून बसले. निम्म्याअधिक कोऱ्या! ती पानं सोडवून, कडा जुळवून, दाभणानं तीन भोकं पाडली आणि दोऱ्यानं शिवली. दोन जाड वह्या झाल्यात, गणिताच्या कच्च्या कामाला होतील. खाकी कव्हर तू घाल.

दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं राज्य सरकारनं 2015 सालीच ठरवून दिलंय. तू चाळीस किलोचा धरला तर चार किलो. गोठ्यात पेंड मोजायचा काटा आहे, त्याला दप्तर अडकवून बघ. वेळापत्रक न बघता सगळंच कोंबलेलं दप्तर किती भरतं ते तुझं तुलाच कळेल.

कागदपत्रांचं काम सगळ्यांत नाजूक. गेल्या मे महिन्यात अवेळी पाऊस कोसळला, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, तेव्हा आपल्याही वस्तीवर घरात पाणी शिरलं आणि कॉटखालची पेटी भिजली. आता आधार, जन्माचे दाखले, जातीचे दाखले, गुणपत्रकं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलीत. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स वेगळ्या. जातीचा दाखला एकदा काढला की पुरतो. उत्पन्नाचा मुदतीचा असतो, त्यावरची तारीख बघावी लागते. जूनमध्ये सेतू केंद्रावर दाखल्यांसाठी गर्दी उसळते, म्हणून तुझे वडील याच आठवड्यात जाऊन येणार आहेत.

धाकटीच्या पासाची काळजी नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि गेल्या वर्षीपासून पासही शाळेतच द्यायला लागलेत. पूर्वी त्यासाठी आगारात रांगा लागत. पहिले काही दिवस तू तिला स्टँडपर्यंत सोड. गाडी चुकली तर पुढची कितीला आहे, हे तिच्याकडून पाठ करून घे.

तुकोबांची पालखी यंदा जुलैत बारामतीला येईल. काही वर्षी शाळा उघडून जेमतेम आठवडा होतो तोच रस्ते बंद आणि घर वारकऱ्यांनी भरलेलं असतं. या वेळी मधे वेळ मिळाला आहे, तेवढ्यात तुम्हा दोघांची सकाळ मार्गी लागू दे. मग कोणतं घाईचं काम न उरता तुझी आई पालखीला जाईल. गेली कित्येक वर्षं तिला ते जमलेलं नाही.

10 जूनपर्यंत दोघंही या. येताना बारामतीत धाकटीचे पासपोर्ट साइजचे फोटो काढून आण. पासाला लागतील.

तुझी,
आजी