वेडनेसडे

मोखाडा तालुक्यात खोडाळ्याजवळच्या एका शाळेत चौथीतली मुलगी वार वाचत होती. मंडे, ट्यूसडे, वेडनेसडे. पाहुणे आलेले साहेब मध्येच म्हणाले, "वेन्झडे म्हण." तिनं खाली घातलेली मान शनिवारपर्यंत वर केली नाही. मला ते फार लागलं. जसं लिहिलंय तसं वाचायचं, हे देवनागरीनं शिकवलेलं इमान तिनं इंग्रजीतही राखलं होतं.

मोखाड्यातल्या मुलांची घरची बोली वारली, कोकणा, नाहीतर कातकरी. शाळेतली प्रमाण मराठी त्यांना दुसरी भाषाच. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, ती तिसरी. आणि तीही मराठी गुरुजींच्या तोंडून येते. मग तिला मराठी वळण असणारच. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९५७ सालीच 'मराठी इंग्लिश' हा अभ्यासाचा विषय मानून त्यावर शोधनिबंध लिहिला होता.

'टेबल' म्हणून पाहा. इंग्रजाची जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. आपली जीभ 'त' म्हणताना दातांना लागते आणि 'ट' म्हणताना मागे वळून टाळूला. इंग्रजाचा उच्चार या दोहोंच्या मधला. आपला कान त्याला 'ट'च्या घरात बसवतो. 'वाइन' आणि 'व्हाइन' लिहिताना आपण वेगळे करतो, बोलताना पुष्कळदा एकच 'व' येतो. उलट 'बॅट'मधल्या स्वरासाठी मराठीनं लिपीत खास चिन्ह करून घेतलं.

उत्तरेत कुणी 'इस्कूल' म्हणतो, पंजाबात 'सकूल', बंगालीच्या तोंडी 'व्ह'चा 'भ' होतो. तरी वळलेला 'ट', 'थिंक'मधला आपला 'थ' आणि प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देणारी लय देशभर आढळते. देशाचा हेल म्हणतात तो असा, अनेक मातृभाषांच्या सरमिसळीतून होतो. तो कुणी ठरवून दिलेला नाही.

म्हणून काहीच दुरुस्त करायचं नाही, असं मी म्हणणार नाही. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्यांना कितपत कळतं ते तपासलं आणि १९६९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या मोठ्या कारणांत शब्दावरचा जोर भलत्या जागी पडणं हे होतं. 'डेव्हलप'मध्ये जोर मधल्या अक्षरावर हवा, हे मुलीला जरूर शिकवावं. 'वेन्झडे'ही सांगावं, पण तिचं वाचून झाल्यावर, आणि त्यातला पहिला 'ड' लिहायचा पण म्हणायचा नाही, अशी गंमत म्हणून. तिच्या 'ट'ला मात्र हात लावू नये.

ऑस्ट्रेलियाच्या हेलाला तिथलेच शिकलेले लोक वर्षानुवर्षं नाकं मुरडत. मिचेल आणि डेलब्रिज या अभ्यासकांनी शाळाशाळांतल्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि १९६५ साली त्यावर पुस्तक काढलं. देशाचं इंग्रजी कसं आहे ते त्यांनी मुलांकडूनच ऐकून घेतलं. तसंच कुणीतरी खोडाळ्याला, सूर्यमाळला यावं, वर्गात मागच्या बाकावर बसावं आणि त्या मुलीला रविवारपासून शनिवारपर्यंत मध्ये न थांबवता वाचू द्यावं.