एकादशी आणि रूपकाची सम

आमच्या मालवणात भजनी मंडळाबरोबर तबला वाजवतो, म्हणून वाडीतला एक कॉलेजचा पोरगा माझ्याकडे शिकायला येतो. परवा ठेका सोडून त्याने भलतंच विचारलं, "काकानूं, सगळे दिस देवाचेच मां? मगे एकादशीकच उपास कित्याक?"

मला शास्त्र कळत नाही, ताल कळतो. म्हटलं, दादरा वाजव. धा धी ना, ता ती ना. सहा मात्रा, घड्याळ लावून मोजल्या तर सगळ्या सारख्या. तरी पहिलीवर सम, म्हणजे सगळ्यांनी येऊन मिळायची जागा, आणि चौथीवर खाली, म्हणजे रिती जागा. पहिल्या तिनांत तळहाताचं मूळ डग्ग्यावर टेकून घुमारा काढायचा, पुढच्या तिनांत डग्गा गप्प. तीन-तीनचे दोन झोके पडतात ते त्यामुळे. याच सहांचे दोन-दोनचे तीन गट करून वजन दिलं, तर वेळ तेवढाच लागतो, पण चाल पार बदलते. वजन मात्रेत नसतं, देणाऱ्याच्या हातात असतं.

पोरगा हुशार. म्हणाला, "म्हणजे सगळा मानण्यारच!"

मानण्यावरच, पण एकट्याच्या नाही. देवळात बुवा, पेटी, पखवाज आणि झांजा समेवर एकत्र येतात. तिथे एखादा चुकला की शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मान वर करून बघते. जिथे चुकता येतं, ती निव्वळ लहर नव्हे. दिवसांचंही तसंच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा बघा. ती कुठल्या ठरलेल्या तिथीला नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. त्या दिवसावर आधी काहीच लिहिलेलं नसतं. पण एकदा ठरला, की मुंबईचा चाकरमानी तिकिटासाठी जिवाचं रान करतो. लाखो माणसं एका समेवर येतात, मग तो दिवस इतर दिवसांसारखा कसा राहील?

तरी एकादशीचं कोडं उरतंच. जत्रेत वाजतं-गाजतं, जेवणावळी उठतात. एकादशीला तर काही करायचं नसतं, सोडायचं असतं. याचं उत्तर रूपक तालात आहे. ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि सम पहिलीवरच, पण ती खाली! भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य लिहितात. रूपकात पहिल्याच मात्रेखाली शून्य येतं. सगळ्यांनी जिथे यायचं, तिथेच डग्गा बंद. ठोका न देताही वजन देता येतं, आणि ते ऐकणाऱ्याला चुकत नाही. एकादशी ही पंधरवड्याची तशी सम आहे. तो दिवस इतरांपेक्षा जास्त देवाचा नसतो. सगळे दिवस त्याचेच आहेत, याची आठवण राहावी म्हणून एका दिवशी आपण हात उचलतो.

मात्र हात खरंच उचलायला हवा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा कीस म्हणजे खालीच्या जागी डग्गा बडवणं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केली आहे. उपास करायचा तर ताट रिकामं ठेवा. नाहीतर सरळ भात-आमटी जेवा, देव रागावणार नाही.