चार एकरांचं बेणं

लातूर जिल्ह्यातलं एक शेत. पाऊस सरला आहे, विहीर तुडुंब आहे, आणि उसाच्या पूर्वहंगामी लागणीसाठी अप्पांनी चार एकरांचं बेणं सांगून ठेवलं आहे. मुलगी पुण्याहून आली आहे. बाप-लेक कल्पनेतले असले तरी हा वाद मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत चालतो.

मीरा : अप्पा, आत्ता पाणी आहे. मे महिन्यात काय करणार?

अप्पा : बोअर आहे की.

मीरा : 2016 सालीही होता. तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टाक्यांभोवती जमावबंदी होती. तुम्हीच म्हणालात, आता ऊस नाही.

अप्पा : म्हणालो, आणि त्याच पावसाळ्यात तूर पेरली. हमीभाव 5050 रुपये. केंद्रावर ट्रॅक्टर रांगेत लावला, तर बारदाना संपला म्हणून खरेदी बंद! शेवटी व्यापारी म्हणाला त्या भावानं घातली. ऊस गाळपाला गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. उशीर होतो, पण बिल येतं.

मीरा : म्हणजे शेवटी पैसाच.

अप्पा : सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं, हे मी आजवर चुकवलं नाही. तुझं ते तत्त्व आणि माझा तो लोभ, असं कसं? तू बँकेत लागलीस ती पहिल्या तारखेला पगार होतो म्हणूनच ना? मी काही बोललो?

हा टोला मला रास्त वाटतो. आपली निवड मूल्यांतून आली आणि समोरच्याची हावेतून, अशी वाटणी आपण बिनदिक्कत करतो. चहात दोन चमचे साखर घालून उसाला नावं ठेवणाऱ्यांचं तर विचारूच नका. इथे दोन मूल्यं समोरासमोर आहेत: कर्ज वेळेवर फेडणं आणि पाणी राखणं. त्यांतलं एक मार्चअखेरची तारीख घेऊन दारात उभं राहतं. भूजल नोटीस पाठवत नाही.

मीरा : माळ घातल्यापासून एकादशी कधी मोडलीत?

अप्पा : नाही.

मीरा : मोडावीशी वाटली?

अप्पा : सुगीत दिवसभर राबल्यावर वाटतं की. पण त्यात ठरवायचं काय? ते माळ घातली त्या दिवशीच ठरलं.

मीरा : मग पाण्याचंही तसंच एकदा ठरवून टाका.

अप्पा : कसं? मोटर चालू करायला जावं तर शेजाऱ्याची आधीच चालू. मी बंद ठेवली तर पाणी वाचत नाही, त्याच्या फडात जातं.

मीरा : हिवरे बाजारनं केलं ना.

अप्पा : ठाऊक आहे. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. पण तिथं अख्ख्या गावानं माळ घातली. मी एकट्यानं घातली तर खुळा ठरेन.

मीरा : शेजारी एकादशीला जेवतो म्हणून तुम्ही जेवता का?

अप्पा : त्याच्या जेवण्यानं माझा उपास मोडत नाही. त्याच्या मोटरीनं माझी विहीर आटते.

मीराकडे याला उत्तर नाही, आणि माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. काही मूल्यं एकट्याला पाळता येतात. काही चारचौघांनी मिळून पाळली तरच टिकतात. आपण मात्र दोन्हींना एकच माप लावतो आणि दुसऱ्या प्रकारात हरलेल्या माणसाला दुबळा म्हणून मोकळे होतो. हिवरे बाजारचे लोक काही जन्मतः आपल्यापेक्षा संयमी नव्हते. रोज सकाळी मोटरीपाशी उभं राहून एकट्यानं निर्णय घ्यायची पाळी नियमानं त्यांच्यावर येऊ दिली नाही. पण तो नियम तरी आधी कुणाला तरी हवासा वाटलाच असणार. मीरा नेमकं तेच धरते.

मीरा : पण गावापुढे हा विषय पहिल्यांदा काढायचा कुणी?

अप्पा : ग्रामसभेत? तिथं सगळे ऊसवालेच बसलेले असतात.

मीरा : निदान शेजारच्या तात्यांशी तरी बोला.

अप्पा : बोलतो. तो थांबला तर मी थांबतो.

मीरा : नाही थांबला तर?

अप्पा : तर चाराऐवजी दोन एकर लावीन, ठिबकवर. बाकी हरभरा. आणि बाई, याला तत्त्व म्हणत गावभर सांगत सुटू नकोस. आधी बेणेवाल्याला फोन लाव, त्यानं गाडी भरायला घेतली असंल.