सारखेपणा आणि सोयरीक

न्यायशास्त्रात उपमान हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे. त्याचे ठरलेले उदाहरण गवयाचे. गवय गाईसारखा असतो एवढेच एखाद्याने ऐकलेले असते. पुढे रानात गाईसारखे जनावर समोर आले की हाच तो गवय, हे त्याला उमगते. साम्यावरून ओळख पटवण्याची ही रीत माणसाच्या अंगी इतकी मुरली आहे की तिच्यावर शंका घ्यावी असे सहसा वाटत नाही. वटवट्यांनी ती शंका घ्यायला लावली.

वटवटे म्हणजे चिमणीहून लहान, बारीक टोकदार चोचीचे, तपकिरी, राखी किंवा शेवाळी अंगाचे पक्षी. दिवसभर पानांमागून किडे, अळ्या, कोळी टिपत राहायचे, हा त्यांचा जीवनक्रम. काही आपल्याकडे बारमाही राहतात. बांधावरच्या झुडपातला राखी वटवट्या त्यांपैकी. काही हिवाळ्यापुरते येतात. सह्याद्रीतल्या झाडांच्या शेंड्यांवर उतरणारा हिरवट पर्ण वटवट्या उन्हाळा लागला की हिमालयाकडे, मध्य आशियाकडे, पार सायबेरियाकडे निघून जातो. दोघांचे आकारमान, चोच, आहार आणि चुळबुळ यांत इतके साम्य आहे की ते एकाच कुळातले असणार, असे कुणालाही वाटावे.

लिनियसने १७५८ मध्ये असल्या बारीक चोचीच्या पक्ष्यांना धोब्याच्या वंशात, मोटासिला या नावाखाली घातले. युरोपातला विलो वॉर्बलर, नाइटिंगेल आणि रॉबिन सगळे त्याच घरात. निसर्ग-अभ्यासक पेनंटने १७६९ मध्ये आपल्याकडच्या शिंपी पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तोही तिथेच गेला. पण याच पेनंटला हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावाहून गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री पत्रे लिहीत होता. लोक ज्याला एकच पक्षी समजतात ते तीन वेगळे पक्षी आहेत, असे त्याने १७६८ च्या पत्रात ठामपणे कळवले. आज आपण त्यांना चिफचाफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर म्हणतो. हातात घेतल्यावरही ज्यांच्यात जेमतेम फरक दिसावा असे हे पक्षी. व्हाइटला तो फरक त्यांच्या गाण्यातून कळला. पिसे त्याने तपासली, मापेही घेतली, पण वाट दाखवली कानाने. माझ्या मते वटवट्यांच्या अभ्यासातली सर्वांत मोठी घटना तीच. पुढे प्रयोगशाळांनी जे सिद्ध केले त्याची दिशा एका खेड्यातल्या माणसाने आधीच कानाने हेरली होती.

या इतिहासात दख्खनचेही स्थान आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करत असे, आणि त्याच फिरतीत पक्षीही जमवत असे. त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या यांची शास्त्रीय वर्णने प्रथम तिथे आली. आणखी एका फिकट तपकिरी पक्ष्याला त्याने रामा हे नाव दिले. हा पक्षी पुढे दीर्घकाळ बूटेड वॉर्बलरची केवळ एक उपजात मानला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वेगळेपण मान्य होऊ लागले, आणि आज साइक्सचा वटवट्या म्हणून तो स्वतंत्र उभा आहे.

मधल्या काळात विद्वानांचा कल एकत्रीकरणाकडे होता. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पक्ष्यांवरच्या दहा खंडी हँडबुकात वटवटे, सातभाई, माशीमार आणि कस्तुर हे सगळे एकाच प्रचंड कुळाची उपकुळे म्हणून आले. त्या काळी हाताशी असलेला पुरावा पाहता ते गैर नव्हते. कातडे, चोच, पाय, पंखातल्या पिसांच्या लांबीचा क्रम, एवढ्यावरच सारे बेतायचे होते.

अडचण अशी की शरीर पूर्वजांइतकेच पोटापाण्याचेही ऐकते. पानांमधून बारीक किडे टिपून जगायचे तर हलके अंग आणि चिमट्यासारखी चोच हवी. ती ज्या घराण्यात येईल ते घराणे वटवट्यासारखे दिसू लागते. अमेरिकेतले वॉर्बलर आणि ऑस्ट्रेलियातले वॉर्बलर यांचा आपल्या वटवट्यांशी जवळचा संबंध नाही. तिन्ही खंडांत उपजीविकेने तोच देह पुन्हा पुन्हा घडवला.

पक्षीशास्त्रज्ञ सिबली आणि आल्क्विस्ट यांनी डीएनएचे धागे उष्णतेने सुटे करून, दोन जातींचे धागे एकत्र जुळवून, ते कोणत्या तापमानाला पुन्हा सुटतात हे मोजले आणि १९९० मध्ये पक्ष्यांची नवी वंशावळ मांडली. तिच्यातले बरेच पुढे टिकले नाही, पण वटवट्यांच्या जुन्या घराला तडा गेला तो गेलाच. त्यानंतर पेर आल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जनुकांचा क्रमच वाचून पाहिला. चंडोल, भिंगऱ्या आणि बुलबुल हे वटवट्यांच्याच मोठ्या गोतावळ्यात निघाले. ज्यांच्यावरून कुळाला नाव मिळाले ते सिल्विया वटवटे सातभाईंच्या जवळचे ठरले. पर्ण वटवट्यांचे कुळ निराळे, बोरूच्या बेटांत राहणाऱ्यांचे निराळे, गवतात दडणाऱ्यांचे निराळे. आणि बांधावरचा राखी वटवट्या शिंप्याच्या कुळात गेला. हा पक्षी कधी कधी शिंप्यासारखीच पाने शिवून घरटे करतो, हे घरटी पाहणाऱ्यांना आधीपासून माहीत होते.

नावे सारखी बदलतात अशी तक्रार पक्षीनिरीक्षक करतात. मला ती पटत नाही. सोयीसाठी चुकीची सोयरीक चालू ठेवण्यापेक्षा घर मोडलेले बरे.

पण जात म्हणजे तरी काय? नैयायिक सामान्याला, म्हणजे सगळ्या गाईंत असणाऱ्या एकाच गाईपणाला, नित्य मानतात. दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकांनी ते नाकारले. आपण गाय ओळखतो ती गाय नसलेल्यांना वगळून, असे त्यांचे म्हणणे. रानात पर्ण वटवट्या ओळखणारा माणूस अगदी हेच करतो: पंखावर पट्टा नाही, भुवई पिवळी नाही, म्हणजे हा अमुक नव्हे. मात्र हिरवट पर्ण वटवट्या दोन्ही पक्षांना कोड्यात टाकतो. तिबेटच्या पठाराभोवती त्याची वस्ती वर्तुळासारखी पसरली आहे. हिमालयातून पश्चिमेने वर जा की पूर्वेने, गाणे हळूहळू लांबत आणि गुंतागुंतीचे होत जाते, पण दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने. सायबेरियात ही दोन टोके भेटतात, आणि तिथले नर एकमेकांच्या गाण्याला दाद देत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी हे २००१ मध्ये दाखवले. पुढे २०१४ च्या जनुकीय अभ्यासात हे वर्तुळ पूर्वी मधे तुटले होते असे दिसले. तरी मूळ गोष्ट उरतेच. जातीची रेघ केवळ आपण आखलेली नाही. सायबेरियातले ते पक्षी ती स्वतः आखतात, आणि कानाने आखतात.

तरीही नुसत्या कानाने भागत नाही. ॲलन ह्यूमने १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळवला. पुढे १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. त्याच वर्षी त्याने आपला अफाट संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि त्यात हा एकुलता एक नमुनाही गेला. ही वेगळी जात, की दुसऱ्याच कुठल्या जातीचा जरा विचित्र पक्षी, हा वाद शतकाहून अधिक चालला. बेन्श आणि पिअर्सन यांनी २००२ मध्ये त्या जुन्या कातड्याचा डीएनए तपासून जात खरी असल्याचे दाखवले. २००६ च्या मार्चमध्ये थायलंडमध्ये पक्षी-अभ्यासक फिलिप राउंडच्या जाळ्यात तोच पक्षी जिवंत सापडला. तब्बल १३९ वर्षांनी. मग शोध घेता संग्रहालयाच्या खणात दुसऱ्या जातीच्या नावाखाली ठेवलेला आणखी एक जुना नमुना हाती लागला, आणि थोड्याच वर्षांत अफगाणिस्तानच्या वाखान भागात त्याची वीणही आढळली.

ते कातडे कुणी निरुपयोगी म्हणून टाकून दिले असते तर थायलंडच्या जाळ्यातल्या पक्ष्याची तुलना करायला काहीच उरले नसते. म्हणून मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपासून लहान महाविद्यालयांपर्यंत जिथे जिथे जुने पक्षीनमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या आहेत, तिथे त्यांची निगा राखली गेली पाहिजे. धूळ खात पडलेली अडगळ म्हणून त्यांची वासलात लावू देता कामा नये. आणि येत्या हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यावर हलणारा पक्षी दिसला, पण ओळखता आला नाही, तर वहीत 'अनोळखी' एवढेच लिहून थांबू नका. त्याचा आवाज मोबाइलवर टिपा, तारीख आणि जागा नोंदवा, आणि ती नोंद जपून ठेवा.