अंगठ्याचं कुलूप

फेब्रुवारी 2018 मध्ये सुरत पोलिसांनी स्वस्त धान्य दुकानं चालवणाऱ्या दोघांना अटक केली. आरोप असा होता, की त्यांच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये लाभार्थ्यांचे रेशनकार्ड क्रमांक, आधार क्रमांक आणि अंगठ्यांचे ठसेसुद्धा साठवलेले होते. जी कुटुंबं त्या महिन्यात दुकानाकडे फिरकलीच नाहीत, त्यांच्या नावावर धान्य उचलल्याची नोंद व्हायची आणि पोती परस्पर बाहेर जायची. माहितीची चोरी म्हटलं की आपण परदेशातल्या कुण्या हॅकरची भीती बाळगतो. इथे संशयित गल्लीच्या तोंडाशी तराजूमागे बसलेले होते, आणि गिऱ्हाइकांना नावानं ओळखत होते.

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत हिंडताना गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं इथे लूमवर, डाइंग मिलमध्ये, साड्यांच्या पार्सलांवर राबतात. त्यांना घेऊन येणारी भुसावळ-सुरत गाडी नवापूरला थांबते. ते स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आहे, निम्मं गुजरातेत. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पुढे एका राज्याच्या रेशनकार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय आली, तेव्हा ऑगस्ट 2019 मधल्या पहिल्या दोन राज्यजोड्यांपैकी एक महाराष्ट्र-गुजरातची होती. म्हणजे कार्ड गावाकडचं, गहू उधन्यातला. या सोयीला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पूर्वी माणूस सुरतेत उपाशी आणि त्याचं कार्ड गावी पेटीत, अशी गत होती. फक्त ही सगळी सोय एका अंगठ्यावर तोललेली आहे.

‘आपली माहिती कुणाला देऊ नका’ हा सल्ला म्हणूनच मला बेगडी वाटतो. मॉलमध्ये बिलासाठी मोबाईल नंबर मागितला तर नाही म्हणावं, हे खरं. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानंही दुकानदारांना तसा आग्रह धरू नका असं बजावलं. पण खोली हवी तर घरमालकाला आधारची झेरॉक्स, काम हवं तर ठेकेदाराला झेरॉक्स, सिमकार्डासाठी पुन्हा अंगठा. नव्यानं आलेला माणूस यांतल्या कुणाला नाही म्हणणार? त्याच्याकडे झाकून ठेवण्यासारखं जे काही असतं, ते पहिल्याच आठवड्यात शहरभर वाटून होतं. आधारच्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं 27 मे 2022 रोजी ‘कुठेही झेरॉक्स देत फिरू नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या’ असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. लोकांचा गैरसमज होईल, हे कारण. माझ्या मते त्या कार्यालयानं अनवधानानं खरं सांगून टाकलं होतं. मास्क्ड आधार आजही मिळतं, पण घरमालकानं ते परत केलं तर भाडेकरू वाद घालत बसत नाही.

सुरत आणि माहिती यांचं नातं मराठी माणसाला तसं जुनंच. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेच्या सुभेदाराला निरोप धाडला, तेव्हा खंडणी ठरवायला कोणत्या बड्या व्यापाऱ्यांनी यावं हे नावानिशी कळवलं होतं. वीरजी व्होरा त्यांतला एक. कोणाची हवेली कुठे, ही खबर हेर बहिर्जी नाईकानं आणली असं परंपरा सांगते. मात्र हवेली बदलता येते, तिजोरी हलवता येते. अंगठ्याचा ठसा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की तो जन्मभरासाठी गेला.

त्यावर उपाय म्हणून आधारला बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की ठशावर कोणताही व्यवहार होत नाही. बँकेच्या शाखेत जाऊन सही करणाऱ्यानं ते आजच लावावं. पण रेशन घेणाऱ्यानं लावलं तर त्याचं धान्यही अडतं. दर महिन्याला ते उघडायचं आणि पुन्हा लावायचं, तर आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा, आणि सिम तर गाव बदललं की बदलतं. कुलूप ज्याला परवडतं त्याच्या घरात चोराला रस कमी, अशी ही गंमत आहे.

आता कायदा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची सवलत मिळाली. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा दणदणीत, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 43अ वगळण्याची तरतूदही याच नव्या कायद्यात आहे. शिवाय सरकारी लाभ देताना माहिती वापरायला अनेकदा नव्यानं संमतीही लागत नाही. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर तक्रारदारालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लूमवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला हा आकडा 250 कोटींपेक्षा अधिक नीट समजतो. आपल्या नावावर कुणी गहू उचलला हे कळलं तरी तो दुकानदाराशी भांडणार नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंगठा त्याच तराजूपुढे लावायचा असतो. भरपाईचं कलम टिकवावं, आणि ठसा आपल्याकडे साठवून ठेवला नाही हे सिद्ध करण्याचा भार तराजूमागच्या माणसावर टाकावा, एवढी तरी दुरुस्ती संसदेकडून मागायला हवी.