रक्ताचा विटाळ

पाणवठा बंद करायचा आणि मग म्हणायचं, हे लोक घाण राहतात. ही युक्ती आपल्याला नवी नाही. १९२७ साली महाडला माणसं तळ्यावर गेली ती हीच मोडायला. पण तीच युक्ती दवाखान्यात कशी चालते, ते तृतीयपंथीयांकडं बघितलं की कळतं.

२०१७ साली रक्तदात्यांसाठी सरकारी सूचना निघाल्या. तृतीयपंथीयांचं रक्त कायमचं नको, असं त्यांत होतं. कारण? एचआयव्हीची जोखीम. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत त्यांच्यातली लागण शंभरात ३.१४, गरोदर बायांत ०.२८. आकड्याशी आपलं भांडण नाही. आकडा पिकला कुठल्या रानात, ते विचारू.

१८७१ च्या ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्याच कायद्यात हिजड्यांची नोंदवही होती. नोंदीतला कुणी बाईच्या पोशाखात रस्त्यावर दिसला, की वॉरंटशिवाय अटक. तो कायदा गेला, ३७७ कलम राहिलं. २००१ साली लखनौत एचआयव्ही रोखायचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी हे कलम लावलं. महिन्यावर तुरुंगात सडवलं. निरोध वाटणाराच आत, मग निरोध मागायला कोण येणार? ज्यांना घरानं हाकललं, खोली कुणी देत नाही, काम कुणी देत नाही, त्यातल्या कितीकांना पोटासाठी अंग विकावं लागतं. गिऱ्हाइकानं मारलं तर चौकीत जायची सोय नाही. दवाखान्यात गेलं तर पहिला सवाल, बायांचा वॉर्ड की पुरुषांचा? बाकीचे पेशंट फिदीफिदी हसतात. (आपल्या वस्तीतलेही हसतात, उगाच सोवळं नको.) माणूस तिथनंच मागं फिरतो, दुखणं अंगावर काढतो.

आणि त्याच दुखण्याचा आकडा दाखवून सांगायचं, तुमचं रक्त नको.

कुणी म्हणेल, रक्त घेणाऱ्या रोग्याचं काय? सवाल खरा आहे. थॅलेसेमियाच्या पोराचा जीव स्वस्त नाही. पण दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी सक्तीचीच आहे. अगदी ताजी लागण तपासणीत निसटू शकते, म्हणून दात्याला विचारावं, गेल्या काही महिन्यांत काय केलंस? ते सगळ्यांनाच विचारावं, लग्नाच्या बाप्यालाही. २०१७ च्या सूचनांनी तृतीयपंथीयाला 'काय केलंस' विचारलंच नाही. 'कोण आहेस' एवढंच विचारलं. असा सवाल फक्त जात विचारते.

२०१४ साली सुप्रीम कोर्टानं सरकारला सांगितलं होतं, तृतीयपंथीयांना दवाखान्यांत नीट उपचार द्या. रक्ताची सूचना त्यानंतरची, तीन वर्षांनंतरची.