दृष्टिकोनांचे दायित्व : ‘घाशीराम कोतवाल’च्या संदर्भात

साहित्यकृतीला एकच एक अर्थ नसतो, हे विधान मराठी समीक्षेत आता वादाचा विषय राहिलेले नाही. रूपवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी अशा निरनिराळ्या भूमिकांवरून एकाच संहितेची भिन्न वाचने संभवतात, आणि त्यांपैकी कोणतेही अंतिम नसते, हे सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. या मान्यतेतून उद्भवणारा नैतिक प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. सर्व वाचने शक्य आहेत, एवढ्यावरून ती सारखीच न्याय्य ठरतात काय? विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाच्या वाचनांकडे पाहिले असता हा प्रश्न विशेष तीव्रतेने समोर येतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत त्याला लाभले होते. त्यानंतर उसळलेला वाद प्रामुख्याने इतिहासाच्या भूमिकेवरून झाला. नाना फडणवीसांचे विकृत चित्रण आणि ब्राह्मण समाजाची बदनामी, असे त्यातील मुख्य आक्षेप होते. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, अशी लेखकाची भूमिका होती. कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर १७९१ मध्ये घाशीरामाची झालेली हत्या ही इतिहासातली घटना आहे. नाटकाने ती आपल्या प्रयोजनासाठी वापरली. या वादात घाशीरामाची मुलगी गौरी हिचा विचार झाला तो नानांच्या चारित्र्यावरील डाग म्हणून. डाग खरा की खोटा, एवढाच मुद्दा चर्चेत राहिला. ज्या मुलीचा सौदा झाला तिच्या वाट्याला काय आले, हे विचारण्यास या चर्चेत जागाच नव्हती.

राजकीय वाचनाने नाटकाला कालातीत आशय मिळवून दिला. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम निर्माण करते आणि तो डोईजड झाला की त्याला जमावाच्या हवाली करते, हे या वाचनाचे सूत्र होय. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या उदयाचा संदर्भ त्यात वारंवार दिला जातो. हे वाचन समर्थ आहे, यात शंका नाही. परंतु त्यात गौरी म्हणजे कोतवालीसाठी मोजलेली किंमत ठरते. घाशीरामाने तिचा जसा साधन म्हणून विचार केला, तसाच तो येथे समीक्षकाकडूनही होतो.

रूपवादी वाचनाचे लक्ष साहजिकच माणसांच्या भिंतीकडे जाते. ओळीने उभे राहून गाणारे-नाचणारे ब्राह्मण कधी भिंत होतात, कधी आडपडदा, कधी जमाव. दशावतार, खेळे, तमाशा, कीर्तन यांतील घटकांची ही संघटना सौंदर्यदृष्ट्या असामान्य आहे. मात्र ही भिंत काय झाकते, हा प्रश्न रूपाबाहेरचा मानता येत नाही. भिंतीआड जे घडते ते प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि तरीही तो ठेक्यावर डोलत राहतो. रूपाचा विचार येथवर नेला, तर तो प्रेक्षकाच्या सहभागाचा विचार बनतो. केवळ कौशल्याच्या कौतुकापाशी थांबला, तर समीक्षकही त्या भिंतीतलाच एक होतो.

स्त्रीवादी वाचन गौरीला मध्यभागी आणते. तिच्या वाट्याला आलेले मोजके शब्द, तिचा मृत्यू आणि नानांचे नवे लग्न यांची संगती ते लावते. पण तेथेही एक धोका उरतो. पुरुषसत्तेने चिरडलेल्या स्त्रीचे प्रतीक म्हणून गौरी सिद्ध झाली, की या विशिष्ट मुलीविषयी अधिक काही विचारण्याचे कारण उरत नाही.

नाटकाचा शेवट या संदर्भात लक्षणीय आहे. तेथे एकाच हत्येचे तीन अर्थ समोर येतात. जमावाच्या दृष्टीने ती ब्राह्मणांच्या मृत्यूची भरपाई असते. नानांच्या दृष्टीने पुण्यावरचे संकट टळलेले असते, आणि म्हणून ते उत्सवाची आज्ञा देतात. स्वतः घाशीराम मात्र दगडांचा मारा सोसताना तो मुलीच्या मृत्यूबद्दलची शिक्षा म्हणून मागून घेतो. तिन्ही अर्थांना संहितेत आधार आहे. पण ते समान नाहीत. पहिल्या दोन अर्थांनी लावणाऱ्याला दोषमुक्त केले आहे. तिसरा अर्थ लावणारा स्वतःला आरोपी करतो. त्याने त्याचे पाप धुतले जात नाही, आणि गौरीही परत येत नाही. तरीही तिचा मृत्यू हाच मूळ अपराध होता, याची नोंद त्या क्षणी केवळ त्या अपराध्यानेच घेतलेली असते.

वाचनांची प्रतवारी करण्याचा एक निकष येथून मिळू शकतो. कोणताही दृष्टिकोन काही दाखवताना काही झाकतोच. ती त्याची मर्यादा आहे, दोष नव्हे. दोष सुरू होतो तो झाकलेल्याचा हिशेब नाकारण्यापासून. अर्थांची अनेकता मान्य करण्याने समीक्षकाची जबाबदारी कमी होत नाही. आपल्या मांडणीत कोणाला साधन केले गेले, हे प्रत्येक वाचनाला स्वतःहून सांगता आले पाहिजे. जे वाचन हे सांगू शकत नाही, ते पद्धती म्हणून कितीही निर्दोष असले तरी गौरीच्या बाबतीत त्याने घाशीरामाहूनही कमी कबूल केलेले असते.